संकेतार्थ

काकांच्या सातबाऱ्यावर क्षेत्राच्या रकान्यात २.०८.०० असं लिहिलेलं आहे. दोन हेक्टर, आठ आर. एक आर म्हणजे जवळजवळ एक गुंठा. गावात कुणी विचारलं तर काका सांगतात, ‘पाच एकराले थोडं वर.’ ते ‘थोडं वर’ मी लहानपणापासून पाहत आले आहे. नाल्याच्या काठाला धरून गेलेली चिंचोळी पट्टी, तिच्यात दोन बाभळी, पावसाळ्यात कमरेइतका तरोटा, आणि नाला फुगून उतरला की मागे राहिलेली रेती. त्या पट्टीत कधी पऱ्हाटी लावलेली मला आठवत नाही. कागदावर मात्र ती लागवडीची जमीन आहे. पोटखराब्यात तिची नोंद कधी झाली नाही, कारण तशी ती करून घ्यावी असं कुणाला कधी सुचलं नाही. सुचण्याचं कारणही नव्हतं. आठ गुंठ्यांनी कुणाचं काय अडतं?

२००८ साली फेब्रुवारीला एकोणतीस दिवस होते. त्या जास्तीच्या दिवशी पी. चिदंबरम यांनी लोकसभेत अर्थसंकल्प मांडला आणि शेतकऱ्यांची कर्जमाफी जाहीर केली. आधी साठ हजार कोटींचा आकडा होता, पुढे अंदाज ७१,६८० कोटींवर गेला. शेवटी प्रत्यक्षात बावन्न हजार कोटींच्या घरात रक्कम गेली. गावात नियम हळूहळू पोचले, कुणी पेपरातून वाचून आणले, कुणी तालुक्याहून ऐकून. मार्च २००७ पर्यंत उचललेलं आणि त्या वर्षीच्या डिसेंबरअखेर थकलेलं कर्ज धरायचं. जमीन दोन हेक्टरपर्यंत असेल तर थकलेलं सगळं माफ. दोन हेक्टरच्या वर असेल तर माफी नाही, पण उरलेली रक्कम भरली तर पंचवीस टक्के सूट. आमच्या यवतमाळसारख्या जिल्ह्यांत पंचवीस टक्के किंवा वीस हजार, यातलं जे जास्त असेल ते.

जूनअखेरीला याद्या लागल्या. मी तेव्हा पुण्यात अर्थशास्त्रात एम.ए. करत होते आणि सुट्टीला घरी आले होते. काका म्हणाले, ‘चाल संगं, बारीक अक्षर हाये मनतात.’ शेजारच्या गावातल्या बँकेच्या फळ्यावर दोन याद्या टाचल्या होत्या. पहिली लांबलचक, चार-पाच पानं खाली लोंबणारी, दुसरी आखूड. काकांनी पहिल्या यादीवर बोट ठेवलं आणि नावानावावरून ते खाली आणत गेले. त्यांचं बोट जाड आहे, डवऱ्याचं रुमणं धरून धरून पेरापाशी वाकलेलं. एका ओळीवर ठेवलं की वरची ओळही झाकते. त्यामुळे प्रत्येक नावाला ते बोट उचलून पुन्हा पाहत होते. आमच्या धुरेकऱ्यांचं नाव आलं. धुरेकरी म्हणजे ज्यांचं वावर आपल्या वावराला लागून आहे, मध्ये फक्त धुरा आहे, ते. त्यांना सगळे बापूजी म्हणत. बापूजींचं क्षेत्र एक हेक्टर चौऱ्याण्णव आर, कर्ज शेहेचाळीस हजार, सगळं माफ. बोट पुढे गेलं. पानं संपली. मग मी दुसऱ्या यादीत पाहिलं. काकांचं नाव वरून तिसरं होतं. बावन्न हजार थकीत, सूट वीस हजार, भरायचे बत्तीस हजार, तीन हप्त्यांत.

परतताना काका बराच वेळ काही बोलले नाहीत. नाल्याजवळ आल्यावर त्या पट्टीकडे पाहून म्हणाले, ‘हे आठ गुंठे नसते तं?’

तो प्रश्न त्यांनी मला विचारला नव्हता. पण गेली सोळा-सतरा वर्षं मी तोच प्रश्न सोडवते आहे, आणि त्यावर माझं पोट चालतं.

*

शाळेत आम्हाला क्रियापदाचे चार अर्थ शिकवले होते: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. संकेतार्थाचं उदाहरण फळ्यावर नेहमी एकच असायचं. पाऊस पडला असता तर पीक चांगले आले असते. कास्तकारांच्या पोरांनी भरलेल्या त्या वर्गात हे वाक्य समजावून सांगावं लागत नसे. घरोघरी दिवेलागणीला हीच भाषा चालायची. कापूस दिवाळीआधी विकला असता तर. बोअर दहा फूट आणखी खाली नेली असती तर. पोरीचं लग्न त्याच वर्षी काढलं नसतं तर. माझ्या काकूचं निम्मं बोलणं संकेतार्थी असे, आणि त्यात रडगाणं नव्हतं. ती हिशेब करायची. जे झालं ते एका पारड्यात आणि जे झालं असतं ते दुसऱ्यात घातल्याशिवाय झालेल्याचं वजनच कळत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

अर्थमिती म्हणजे हेच. अर्थशास्त्राला नोबेल पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला तो १९६९ साली, रॅग्नार फ्रिश आणि यान टिनबर्गन या अर्थमितीच्या दोघा जाणत्यांना. त्याच वर्षी जुलैत आपल्याकडे चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण माझ्या मनात त्या शेजारी बसतात, कारण पुढे या देशातल्या बँकांच्या एकेका निर्णयाला ‘तसं केलं नसतं तर काय झालं असतं’ हा प्रश्न ज्या शास्त्राने विचारला ते हे शास्त्र. समीकरणं, प्रमाणविचलनं, रात्ररात्रभर चालणारे संगणक, हे सगळं त्या एका ‘असता तर’साठी.

आणि तो फार अवघड आहे. झालेलं दिसतं, मोजता येतं. झालं असतं ते कुठेच नसतं. बापूजींचं कर्ज माफ झालं. माफ न झालेले बापूजी या जगात नाहीत. मग त्यांच्याऐवजी दुसरं कुणीतरी शोधावं लागतं, ज्याचं माफ झालं नाही पण बाकी सगळं बापूजींसारखंच आहे. इथेच पाय घसरतो. माफी मिळालेले सगळे एकीकडे आणि न मिळालेले सगळे दुसरीकडे घेऊन सरासरी काढली तर दिसेल की माफी मिळालेले अधिक गरीब आहेत. मग माफीने माणूस गरीब होतो असं म्हणायचं? नियमच असा होता की कमी जमीनवाल्याला माफी. दवाखान्यात जितके आजारी दिसतात तितके देवळात दिसत नाहीत, म्हणून दवाखाना आजार पसरवतो असं कुणी म्हणत नाही. पण आकड्यांच्या तक्त्यात हीच चूक अंगावर कोट घालून आली की भले भले तिला खुर्ची देतात. मी स्वतः संशोधनाच्या पहिल्या दोन वर्षांत ती दोनदा केली आहे. एकदा एका वाचकाने पकडली, एकदा कुणीच पकडली नाही. ती दुसरी अजून माझ्या झोपेत येते.

*

यातून वाट काढली ती मानसशास्त्राशी जोडलेल्या दोघांनी. १९६० साली थिसलथवेट आणि कॅम्पबेल हे अमेरिकेतल्या शाळकरी मुलांच्या गुणवत्ता-शिष्यवृत्तीचा अभ्यास करत होते. गौरव झालेली मुलं पुढे चमकतात. पण ती मुळातच हुशार होती म्हणून चमकली की गौरवामुळे? त्यांनी सगळी मुलं पाहिलीच नाहीत. गुणांची जी किमान रेघ होती तिच्या अगदी खालची आणि अगदी वरची मुलं तेवढी पाहिली. एका-दोन गुणांनी माणूस वेगळा होत नाही. त्या दिवशी डोकं दुखत होतं की नव्हतं, एवढाच तो फरक. म्हणजे रेघेच्या लगतची दोन्हीकडची मुलं मुळात सारखीच, फक्त रेघेने त्यांना वेगळं केलं. मग पुढच्या आयुष्यात त्यांच्यात जो फरक पडला, तो रेघेने पाडला.

पुण्यात एका दुपारी आमच्या सरांनी हे शिकवताना फळ्यावर आडवी रेघ काढली, तिच्यावर मधोमध एक उभी रेघ ओढली, डावीकडे ठिपके, उजवीकडे ठिपके, आणि उभ्या रेघेपाशी ठिपक्यांनी एकदम घेतलेली उडी. वर्गातल्या बाकीच्यांनी ती आकृती वहीत उतरवून घेतली. मला ती उतरवता आली नाही. मला फळ्यावर धुरा दिसत होता. अलीकडे बापूजींची तूर, पलीकडे आमची पऱ्हाटी, मध्ये हातभर उंचीची मातीची वरवंड, तिच्यावर वाढलेलं कुंदा गवत.

पुढे मार्टिन कांझ यांचा शोधनिबंध हाती आला. तो अमेरिकेतल्या एका नामांकित नियतकालिकात २०१६ साली छापून आला आहे. विषय २००८ ची कर्जमाफी, ठिकाण गुजरात, आणि रेघ दोन हेक्टरांची. माझ्या काकांची रेघ. दोन हेक्टरांच्या थोडं अलीकडचे आणि थोडं पलीकडचे थकबाकीदार शोधून, त्यांच्या घरी जाऊन, त्यांनी पेरणीवर किती खर्च केला, उत्पन्न किती आलं, कर्ज कुणाकडून काढलं हे विचारलेलं. मी तो वाचला तेव्हा माझा पहिला भाव कृतज्ञतेचा होता. कुणीतरी दूरवरून येऊन हा प्रश्न विचारला होता, आणि नीट विचारला होता.

दुसरा भाव यायला थोडा वेळ लागला. तो असा, की या अभ्यासाला ती रेघ जितकी निरर्थक तितकी ती उपयोगाची. एक हेक्टर चौऱ्याण्णव आणि दोन हेक्टर आठ यांत खरोखर काही फरक असता, म्हणजे दोन हेक्टरांच्या वरचा कास्तकार खरंच सुखवस्तू असता, तर सरकारची रेघ न्यायाची ठरली असती आणि आमचा अभ्यास कोलमडला असता. रेघेच्या दोन्ही बाजूंची माणसं सारखी असणं ही आमच्या शास्त्राची पहिली अट आहे. आणि सारख्या माणसांना असमान वागवणं याला व्यवहारात अन्याय म्हणतात. काकांवर जो अन्याय झाला, नेमक्या त्याच्याच पायावर हे ज्ञान उभं आहे. मी पुष्कळ विचार केला आहे आणि मला यातून सुटायची वाट सापडलेली नाही. असं ज्ञान मिळवूच नये असं मी म्हणत नाही. रेघ सरकारने ओढली, आम्ही नाही. ओढलीच आहे तर तिच्याकडून काही शिकून न घेणं हा दुसरा अन्याय होईल. पण जे शिकलो त्यावर पहिला हक्क त्या आठ गुंठेवाल्यांचा आहे, हे मला दर वेळी, प्रत्येक तक्ता करताना, स्वतःला सांगावं लागतं.

विदर्भात तेव्हा या रेघेवर फार बोललं गेलं. कोरडवाहू सात एकरांत जे पिकतं त्याहून जास्त पश्चिमेकडच्या दोन एकर उसात पिकतं, मग एकर मोजून गरिबी कशी मोजता? हा सवाल रास्त होता आणि आहे. जमीन किती यापेक्षा तिला पाणी किती याने आमच्याकडे घर चालतं. ते कर्जमाफीच्या नियमात नव्हतं.

*

रेघ आली की माणसं तिच्या अलीकडे यायला धडपडणार. भावाभावांत वाटणी दाखवायची, बायकोच्या नावावर दोन एकर करायचे, पटवाऱ्याकडे फेरफार घालायचा. असं झालं असेल तर रेघेच्या लगत अलीकडे एकदम गर्दी दिसेल, आणि पलीकडे ओस. जस्टिन मॅकक्ररी यांनी ही गर्दी तपासायची एक कसोटी मांडली, योगायोगाने २००८ सालीच. कर्जमाफीच्या नियमात मात्र ही वाट आधीच बुजवलेली होती: कर्ज मंजूर झालं तेव्हा जमीन किती होती तेवढंच पाहायचं, नंतरची वाटणी धरायची नाही. कर्ज घेताना कुणाला माहीत होतं की पुढे कधी दोन हेक्टरांवर रेघ पडणार आहे? काकांनी तर कर्ज घेताना मॅनेजरला ठासून सांगितलं होतं की पाच एकराच्या वर आहे साहेब, दोन हेक्टर आठ आर, नीट लिहा. जमीन जास्त म्हणजे पत जास्त. त्यांचा तो ठासून सांगितलेला अभिमान अभ्यासाच्या भाषेत ‘फेरफाराचा अभाव’ होतो.

आणि निष्कर्ष? कांझ यांना असं दिसलं की माफीने घरावरचा बोजा खरोखर आणि टिकाऊपणे कमी झाला. पण पुस्तकात जी आशा लिहिलेली असते, की बोजा उतरला की माणूस मोकळ्या हाताने शेतीत पैसा घालील, ती फळाला आली नाही. माफी मिळालेल्यांनी शेतीत उलट कमी पैसा घातला, उत्पादकताही घटली, आणि ते खासगी उधारीकडे जास्त वळले. कारण पुढे बँक आपल्याला उभं करणार नाही अशी त्यांची धास्ती.

हे वाचून मला बापूजी आठवले, पण आठवले म्हणून ते पुरावा होत नाहीत. दोन माणसांवरून नियम काढायचा नाही हे माझ्या शास्त्राने मला सगळ्यात आधी शिकवलं. तरी सांगते. माफीनंतरच्या मृगात बापूजी बँकेत गेलेच नाहीत. बियाणं-खत त्यांनी तालुक्याच्या कृषी केंद्रातून उधारीवर उचललं, चुकारा आला की वळता करून द्यायच्या बोलीवर, व्याज भावातच चढवलेलं. काकूने विचारलं तेव्हा म्हणाले, ‘माफ झालेल्याले दुसऱ्यांदा कोन देते बाई?’ काकांनी मात्र बत्तीस हजार भरले. पोळा झाला, बैलांच्या शिंगांचा बेगड अजून उतरला नव्हता, त्या आठवड्यात बांड्या आणि मोऱ्या बाजारात नेले, कारण सप्टेंबरअखेर पहिला हप्ता होता. उरलेलं तुरीवर भागवलं. त्यांना नवं पीककर्ज मिळालं. पण पुढच्या वर्षी, २००९ मध्ये, पाऊस मुळातच उशिरा आला, आणि आला तेव्हा ज्याच्या दावणीला बैल त्याने आधी पेरलं. आम्ही भाड्याच्या बैलांची वाट पाहत नऊ दिवस थांबलो. धुऱ्यापलीकडे बापूजींची तूर दोन पानांवर आली होती तेव्हा आमच्याकडे तिफण फिरत होती.

कोण बरं राहिलं, सांगा. मला सांगता येत नाही.

*

शास्त्राचंही एकच म्हणणं नाही, आणि ही गोष्ट बाहेर फारशी पोचत नाही. झेवियर जिने आणि कांझ यांनी देशभरातले जिल्हे घेतले. ज्या जिल्ह्यांत माफीचा वाटा मोठा, तिथे पुढे कर्जफेड जास्त वेगाने ढासळली, आणि निवडणूक जवळ आली की फेड अडखळण्याची सवय अधिक ठळक झाली. वर्तमानपत्रांना एवढं पुरतं. ‘माफीने सवय बिघडते’ असा मथळा तयार होतो. पण सप्तर्षी मुखर्जी, कृष्णमूर्ती सुब्रमण्यन आणि प्रसन्न तंत्री यांनी कर्जखाती घेऊन त्यांतले दुष्काळाने खरोखर होरपळलेले आणि न होरपळलेले वेगळे केले. तेव्हा त्या एका सरासरीच्या पोटातून दोन गोष्टी निघाल्या. होरपळलेल्यांची फेड माफीनंतर सुधारली. जे तसे अडचणीत नव्हते त्यांची बिघडली. दोन्ही खरं. फक्त ज्याचं बी करपलं आणि ज्याचं नाही त्यांना एकाच चाळणीत घालून वर आलेल्याला ‘शेतकरी’ म्हणायचं नाही.

माझं ठाम मत आहे की या तिसऱ्या अभ्यासाइतकं महत्त्वाचं काम कर्जमाफीवर झालेलं नाही. ते महत्त्वाचं आहे कारण त्याने पाऊस समीकरणात आणला. विदर्भातल्या पोरीला ते आधीपासून ठाऊक होतं, पण ठाऊक असणं आणि दाखवून देणं यांत माझं अख्खं शिक्षण आहे.

सावकारी आणि कर्ज यांवर आपल्याकडे रेघा नव्या नाहीत. १८७५ च्या मे महिन्यात सुप्यात सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या, त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला, शेजाऱ्यांना नाही. म्हणजे रेघ जिल्ह्याच्या हद्दीवर पडली. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर लतिका चौधरी आणि आनंद स्वामी यांनी त्या हद्दीच्या दोन्हीकडचे जुने आकडे जुळवले. ऋणकोला संरक्षण मिळालं तशी उधारी आटली, पण शेतीवर त्याचा म्हणावा तसा परिणाम दिसला नाही, असं त्यांना आढळलं. कुणी कुणाला जमीन गहाण दिली याच्या नोंदी ठेवणाऱ्या त्या काळच्या कारकुनाला कल्पनाही नसेल की आपण कुणाच्या ‘असता तर’साठी लिहीत आहोत.

बँकांच्या शाखांच्या बाबतीत रेघ काळावर पडली. १९७७ ते १९९० या काळात नियम असा होता की बँक असलेल्या गावात एक शाखा उघडायची तर बँक नसलेल्या ठिकाणी चार उघडा. आमच्या शेजारच्या गावातली शाखा याच नियमाची. तिच्या फळ्यावर लागलेल्या याद्यांबद्दल वर सांगितलं. रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे यांनी २००५ साली दाखवलं की या शाखांमुळे ग्रामीण दारिद्र्य घटलं. अरविंद पानगढिया आणि अंजिनी कोचर यांनी त्याला हरकती घेतल्या, तो वाद अजून मिटलेला नाही आणि मला तो मिटवायची घाई नाही. पण त्या शाखेच्या आधी काय होतं ते धनंजयराव गाडगीळ सदस्य असलेल्या ग्रामीण पतपाहणी समितीने लिहून ठेवलं आहे. १९५१-५२ साली सहाशे खेड्यांत जाऊन त्यांनी विचारलं, कर्ज कुणाकडून घेता? शंभर रुपयांतले जवळजवळ सत्तर सावकाराकडचे निघाले. सहकारी संस्थांचे तीन रुपये, आणि व्यापारी बँकांचा एक रुपयासुद्धा पुरता नव्हता. हे आकडे वाचताना मला माझ्या आजोबांचा आवाज ऐकू येतो. त्यांच्या ‘असता तर’ला तेव्हा कुणाचीच जोड नव्हती, कारण रेघेच्या पलीकडे कुणी नव्हतंच. सगळे एकाच बाजूला होते.

पुढे महाराष्ट्रात २०१७ साली कर्जमाफी आली, २०१९ साली पुन्हा आली. तेव्हा रेघ एकरांवरून रुपयांवर गेली होती, आधी दीड लाख, मग दोन लाख. रेघेपाशी उभी असलेली माणसं बदलली. यादीवर बोट फिरवणारे तसेच होते, फक्त यादी आता सेवा केंद्रातल्या संगणकावर होती.

*

मागच्या उन्हाळ्यात गावी गेले होते. संध्याकाळी काका ओट्यावर बसले होते, बापूजीही येऊन बसले होते. ते आता काठीने चालतात. काकांनी अचानक विचारलं, ‘तुह्या त्या आकड्याईत काय निघते वो? आठ गुंठे नसते तं काय झालं असतं?’

मी असं समजत होते की ते विसरले असतील.

माझ्या शास्त्राची एक मर्यादा सांगितली जाते, की हा रेघेचा अभ्यास फक्त रेघेच्या लगतच्या माणसांबद्दल बोलतो. अर्ध्या एकरवाल्याबद्दल त्याला काही सांगता येत नाही, वीस एकरवाल्याबद्दलही नाही. परिषदांमध्ये हा आक्षेप हमखास निघतो आणि तो खराच आहे. पण त्या संध्याकाळी माझ्या ध्यानात आलं की काका रेघेच्या लगतचेच आहेत. साऱ्या देशात ज्या मूठभर लोकांबद्दल हे शास्त्र सगळ्यात खात्रीने बोलू शकतं त्यांतले दोघं माझ्यासमोर ओट्यावर बसले होते, आणि त्यांना ते अजून कुणी सांगितलं नव्हतं.

खताच्या दुकानातून मिळालेली डायरी कोनाड्यात होती. तिच्या मागच्या कोऱ्या पानावर मी आडवी रेघ काढली. ‘इकडून तिकडे जमीन वाढत जाते,’ मी म्हटलं. मधोमध उभी रेघ काढली. ‘ही दोन हेक्टरांची.’ मग दोन्हीकडे ठिपके काढले, आणि गुजरातेत काय दिसलं ते सांगितलं. कर्ज कुठे उतरलं, शेतीत पैसा कुठे कमी पडला, उधारी कुठे वाढली.

‘पण ही गुजरातची माणसं आहेत, काकाजी. आपल्याकडे तसंच झालं असं छातीठोक नाही सांगता येत.’

‘गुजरातचे कास्तकार का वायले असतात?’ बापूजी म्हणाले.

काका वाकून पाहत होते. रेघेच्या उजवीकडच्या पहिल्या ठिपक्याकडे पाहून म्हणाले, ‘हा मी?’

‘तुमच्यासारखे. एकटे तुम्ही नाही. दोन हेक्टरांच्या जरा वरचे जेवढे सापडले त्यांची सरासरी.’

‘लय जन हायेत मंग.’

‘लय जण आहेत.’

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग डावीकडच्या पहिल्या ठिपक्याकडे हनुवटीने खूण केली. ‘अन् हे बापू.’

‘हो.’

त्यांनी बोट पुढे केलं आणि उजवीकडच्या ठिपक्यावर ठेवलं, नीट, यादीवर ठेवलं होतं तसं. ठिपका झाकला गेला. रेघ झाकली गेली. डावीकडचाही ठिपका झाकला गेला. त्यांनी बोट उचललं, पाहिलं, पुन्हा ठेवलं.

‘दे ते पेन,’ बापूजी म्हणाले, ‘त्या नाल्याची पट्टी नाही काढली इनं.’